अण्णांच्या पायाला मालिश करावी की नाही? (साखर १६ वर्षांची, सोलापूर)

कन्नाचौक | १२ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. माझे वडील, अण्णा, वय ६८. तीसेक वर्षं यंत्रमागावर उभं राहून चादरी विणल्या. साखर निघून १६ वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत, दोन वर्षांपासून रात्रीचं इन्सुलिन पण. गेल्या महिन्यातलं एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ८.४ आलं.

साताठ महिन्यांपासून तळपायांची आग होते. रात्री पांघरूण पायावर नको म्हणतात. कधी मुंग्या, तर कधी "पायाखाली कापूस ठेवल्यागत वाटतंय" म्हणतात. दर रविवारी एक मालिशवाले काका घरी येतात. ते पोटऱ्या चांगल्या रगडून देतात आणि त्या रात्री अण्णांना झोप बरी लागते. तेवढी एकच रात्र.

आता आमच्या गल्लीजवळच्या मंगल कार्यालयात काशाच्या थाळीच्या मशीनचं शिबिर लागलंय. तळपायाला तूप लावून फिरत्या थाळीवर पाय ठेवायचा. थोड्या वेळात तूप काळं होतं, आणि तो काळेपणा म्हणजे अंगातली उष्णता आणि साखर, असं तिथं सांगतात. शेजारच्या मावशींनी दहा दिवसांचे पैसे भरले आणि गोळ्या बंद केल्या. त्यांचं बघून अण्णापण मागे लागलेत.

मालिशीने साखर खरंच उतरते का? आणि ज्याच्या पायाला मुंग्या येतात त्याला मालिश केलेली चालते का? घरात डॉक्टर कुणी नाही. अनुभव असलेल्यांनी सांगा.

---

रात्रपाळी_सिस्टर | १२ नोव्हेंबर, रात्री १०:१५

ताई, बाकीचं मागाहून बोलू. आधी त्या मावशींकडे उद्या सकाळी जा आणि गोळ्या परत सुरू करायला लावा, त्यांच्या मुलांना सांगा. वॉर्डात मी अशी माणसं बघितलीत. साखर चारशे-पाचशेवर गेली तरी सुरुवातीला फक्त थकवा आणि तहान. घरच्यांना वाटतं उन्हाचा त्रास असेल.

तूप काळं होतं ते काशामुळे. कासं म्हणजे तांबं आणि कथील. तुपात घासलं की धातूचा अंश सुटतो आणि तूप काळपट होतं. घरी काशाची वाटी असेल तर तूप लावून काशाच्याच ताटलीवर घासून बघा, पाय मध्ये नसतानाही काळं होईल. रक्तातली साखर तळव्यातून बाहेर पडत नाही.

---

हातमागवाला | १३ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

सिस्टर बरोबर बोलल्या. तरी काशाच्या वाटीला नावं ठेवू नका. माझी आजी रोज रात्री आजोबांच्या तळव्याला खोबरेल लावून वाटीने घासायची आणि आजोबा घासता घासता झोपी जायचे. मला २२ वर्षांपासून साखर आहे. बायको अधूनमधून तसंच करते. साखर तेवढीच राहते, पण झोप लागते. झोप लागली की सकाळची चिडचिड नसते, चालायला जायला मन होतं, सिद्धेश्वर तलावाला एक फेरी होते. मला तर वाटतं साखरेवर परिणाम होतो तो त्या फेरीचा.

---

फिजिओताई | १३ नोव्हेंबर, दुपारी २:०५

कन्नाचौक, मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी आहेत, म्हणून जरा लांब लिहिते.

साखरेचं आधी. स्नायू स्वतः आखडतो आणि सैल होतो तेव्हा तो रक्तातली साखर ओढून घेतो, आणि त्या वेळी त्याला इन्सुलिनवर फारसं अवलंबून राहावं लागत नाही. चालताना पोटऱ्या आणि मांड्या हेच करतात. मालिशीत काम करतात ते मालिश करणाऱ्याचे स्नायू. आपला स्नायू नुसता दाबला जातो. म्हणून अर्धा तास मालिश ही अर्धा तास चालण्याची जागा घेत नाही.

तरी मालिशीचा साखरेशी काहीच संबंध नाही असंही नाही. मन ताणात असलं की कॉर्टिसॉल आणि अॅड्रेनालिन ही ताणाची संप्रेरकं वाढतात आणि यकृत जादा साखर सोडतं. मालिशीने अंग सैल होतं, श्वास संथ होतो, झोप सुधारते. त्यातून काही जणांची साखर थोडी खाली येते. अमेरिकेत मायामीच्या टच रिसर्च इन्स्टिट्यूटने साखर असलेल्या लहान मुलांवर केलेला अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. आईवडिलांनी महिनाभर रोज झोपताना मुलांना मालिश केली. मुलांची साखर कमी झाली, मुलांची आणि आईवडिलांची चिंताही कमी झाली. पण मुलं थोडीच होती. पुढचे अभ्यासही बहुतेक छोटेच आहेत, आणि एचबीए१सी भरवशाने उतरवेल असा उपचार म्हणून मालिश अजून सिद्ध झालेली नाही. गोळी कमी करण्याइतका आधार त्यात नाही.

आता पाय. "पायाखाली कापूस" हे वाक्य वाचून मी थांबले. ही नसांची तक्रार आहे, न्यूरोपॅथी. नसा खराब होतात तेव्हा आधी आग आणि मुंग्या, आणि मग हळूहळू काहीच कळेनासं होतं. आग कमी झाली की घरच्यांना वाटतं गुण आला. तो गुण आहे की बधिरपणा, हे तपासल्याशिवाय कळत नाही. बधिर पायावर काका किती जोर लावतात हे अण्णांना सांगता येणार नाही. "दुखलं तर सांगा" या वाक्याचा तिथं उपयोग नाही.

म्हणून पुढचे काही दिवस रगडणं बंद ठेवा आणि दोन तपासण्या करून घ्या. एक १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटची. नायलॉनचा धागा असतो, तो वाकेपर्यंत तळव्याला टेकवतात आणि डोळे मिटून विचारतात, लागलं का. दुसरी एबीआय. घोट्याजवळचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्याचं प्रमाण काढतात. ०.९ च्या खाली आलं तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची शंका येते. आणि बी१२ जीवनसत्त्व तपासायला सांगा. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी१२ कमी होऊ शकतं, त्यानेही अशाच मुंग्या येतात, आणि ते भरून काढता येतं.

---

सातरस्ता | १३ नोव्हेंबर, रात्री ८:३०

आमच्या घरची गोष्ट सांगतो, इन्सुलिन घेणाऱ्यांच्या उपयोगाची.

वडील जेवणाआधी मांडीत इन्सुलिन घ्यायचे. एका संध्याकाळी इंजेक्शन घेतलं आणि तेवढ्यात मालिशवाला आला. "जेवण नंतर करतो, आधी पाय चोळून घेतो" म्हणाले. ज्या मांडीत सुई टोचली तीच मांडी त्याने गरम तेलाने वीस मिनिटं चोळली. वडिलांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, शब्द अडखळायला लागले. आईला वाटलं लकवा. मशीनवर बघितलं तर साखर ५८. साखरेचं पाणी दिलं तेव्हा पंधरा-वीस मिनिटांत सावरले.

डॉक्टर म्हणाले, चोळल्याने आणि उष्णतेने त्या जागेचं इन्सुलिन रक्तात लवकर उतरतं, आणि वर पोट रिकामं. तेव्हापासून जेवण झाल्याशिवाय मालिश नाही आणि सुईच्या जागेला हात नाही.

---

रात्रपाळी_सिस्टर | १३ नोव्हेंबर, रात्री ८:५५

सातरस्तादादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. सगळ्यांनी लक्षात ठेवा, ७० च्या खाली साखर म्हणजे हायपो. तीन छोटे चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, वर आली नसेल तर परत तेवढीच द्यायची. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. मालिशीनंतर कुणाला एकदम गळाल्यासारखं वाटलं तर "अंग सैल झालं" म्हणून झोपवू नका, आधी साखर बघा.

---

वैद्य_अक्कलकोटरोड | १४ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

माझ्याकडे रोज दोन-तीन जण हा प्रश्न घेऊन येतात. आयुर्वेदाच्या नावाने तेल विकणाऱ्यांनी फार गोंधळ केलाय म्हणून लिहितो. प्रमेहात, म्हणजे साखरेच्या आजारात, रोज अंगभर तेल जिरवा असं सरसकट आमचं शास्त्र सांगत नाही. स्थूल रुग्णाला उलट व्यायाम आणि उद्वर्तन सांगितलंय, म्हणजे कोरड्या चूर्णाने अंग घासणं. आणि तेही कातडी शाबूत असेल तर. बधिर तळव्यावर खरखरीत चूर्ण घासू नये, वजरीही लावू नये.

पादाभ्यंग, म्हणजे तळव्यांना हलक्या हाताने तेल, झोपेसाठी चांगला आहे आणि टाचांच्या भेगांनाही. सोलापूरची हवा कोरडी, त्यात साखरेच्या रुग्णाचे पाय मुळात कोरडे पडतात. भेग पडली की तिथून जंतू शिरतात. तेल तिळाचं किंवा खोबरेल, कोमट. कोमट म्हणजे लावणाऱ्याच्या मनगटाला कोमट, अण्णांच्या पायाला विचारून नाही.

---

गणवेशशिलाई | १४ नोव्हेंबर, रात्री १०:४५

मी गणवेशाच्या युनिटमध्ये शिलाई करते, ९ वर्षं साखर आहे. पायाचं नाही पण खांद्याचं सांगते. गेल्या वर्षी उजवा हात मागे जाईना, वेणी घालता येईना. एका मालिशवालीने हात धरून झटका दिला, "मोकळा करते" म्हणून. रात्रभर रडले. नंतर कळलं की फ्रोजन शोल्डर, साखरवाल्यांना जास्त होतो. तो झटक्याने मोकळा होत नाही. शेक, हलकी मालिश, भिंतीवर बोटं वर वर चढवायचा व्यायाम, असं करत आठ महिने गेले. आता काजाच्या मशीनवर बसते.

हलक्या मालिशीचा फायदा मला झाला. तिने दुखणं सैल व्हायचं, मग व्यायाम करता यायचा. नुसत्या मालिशीने हात वर गेला नसता.

---

फिजिओताई | १५ नोव्हेंबर, दुपारी १:३०

गणवेशशिलाई, अगदी हेच मी पेशंटना सांगते. मालिश व्यायामाआधीची तयारी म्हणून चांगली. साखरवाल्यांच्या बोटांचे सांधेही ताठतात. दोन्ही तळहात नमस्कारासारखे जोडून बघा. मध्ये फट राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

एक राहिलं होतं. पाय एका बाजूचाच सुजलाय, पोटरी गरम आणि दुखरी आहे, तर हात लावू नका. रक्ताची गुठळी असू शकते. आणि पाऊल लाल, गरम, सुजलेलं, तरी फारसं दुखत नाही, हे त्याहून फसवं. बधिर पायात आतली हाडं खचत असतात, चार्को फूट म्हणतात त्याला. तिथं मुरगळला समजून चोळलं तर पावलाचा आकार कायमचा बिघडतो. त्या दिवशी चालणंही बंद, पायावर भार न देता दवाखान्यात.

---

भीमाकाठ | १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१०

इतकी भीती घालू नका ओ. आमचा मंगळवेढ्याचा मालिशवाला तीन पिढ्यांचा आहे, त्याच्या हातून अजून कुणाचं वाईट झालं नाही. सगळंच डॉक्टरला विचारून करायचं तर माणसाने माणसाचे पाय दाबायचेच नाहीत का?

---

हातमागवाला | १५ नोव्हेंबर, रात्री ९:००

भीमाकाठ, दाबायचे की. मी रोज दाबून घेतो. पण त्या मालिशवाल्याला आपण आपली साखर सांगतो का? इन्सुलिन कुठे घेतलं, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का, पाय कुठं बधिर आहे? मी आमच्या माणसाला सांगितलं तेव्हा तोच म्हणाला, "काका, आधी सांगायचं होतं, मी अंगठ्याने एवढा जोर दिलाच नसता." त्याच्या हातात कला आहे, त्याला माहिती आपण द्यायची.

---

कन्नाचौक | २८ नोव्हेंबर, रात्री १०:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. मावशींच्या गोळ्या सुरू झाल्या, साखर ३६० निघाली होती. त्यांच्या मुलाने शिबिरात जाऊन पैसे परत मागितले, मिळाले नाहीत.

आम्ही अण्णांना सिव्हिलला नेलं. त्या धाग्याच्या तपासणीला मी शेजारी उभी होते. अण्णा डोळे मिटून बसलेले. डॉक्टरांनी उजव्या पावलाला दहा ठिकाणी धागा टेकवला, अण्णा पाच वेळा "लागलं" म्हणाले. उरलेल्या पाच वेळा धागा वाकलेला मला दिसत होता आणि अण्णा शांत बसून होते, अजून टेकवायचाच आहे असं समजून. मागावर हजारो धाग्यांतला एक तुटला तरी ज्यांच्या बोटाला कळायचं त्या माणसाला पायावरचा धागा कळला नाही. मी बाहेर येऊन रडले.

एबीआय १.० आलं, म्हणजे रक्तपुरवठा ठीक आहे. बी१२ मात्र १४८, म्हणजे कमी. इंजेक्शनं सुरू झालीत. आगीसाठी रात्रीची एक गोळी दिलीय.

मालिशीचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, रगडणं नाही, मशीन नाही. घरच्या माणसाने हलक्या हाताने रोज तेल लावायला हरकत नाही. पण लावायच्या आधी पाय उजेडात बघायचा, तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या सगळं. बेचक्यांत तेल घालायचं नाही, ओल राहिली की चिखल्या होतात.

आता रोज रात्री साडेनऊला मी बसते. पाय धुते. पाण्यात आधी माझं कोपर, मग अण्णांचा पाय. आपल्या सोलापुरी टॉवेलने बेचक्या टिपून कोरड्या करते. मग दहा मिनिटं तेल. पहिले दोन दिवस अण्णा पाय ओढून घेत होते, लेकीने पाय धरायचे नाहीत म्हणून. आता साडेनऊ झाले की स्वतःच पाटावर येऊन बसतात. मागावरच्या गोष्टी सांगतात, मी कधी ऐकल्या नव्हत्या त्या.

---

रात्रपाळी_सिस्टर | २८ नोव्हेंबर, रात्री ११:३०

ताई, पाच वेळा नाही कळलं म्हणजे घरातही अनवाणी नको. मऊ चप्पल घाला, आणि घालण्याआधी चप्पल झटकून आत हात फिरवून बघा.

---

कन्नाचौक | ९ डिसेंबर, रात्री ११:५०

सिस्टर, तुमचं ते वाक्य मी वाचलं होतं आणि दोन दिवस केलं, मग राहून गेलं.

आज तेल लावायला पाय उचलला तर उजव्या पावलाला करंगळीच्या खाली काळा ठिपका. पुसला, जाईना. दाबला तर पाणी आलं. चप्पल बघितली तर तळातून खिळ्याचं टोक वर आलेलं. अण्णा परवापासून ती चप्पल घालून दूध आणायला जातायत. काही लागलं नाही म्हणतात, आणि खरंच लागलं नाहीये. आत्ता काय करू?

---

रात्रपाळी_सिस्टर | १० डिसेंबर, रात्री १२:०५

स्वच्छ पाण्याने धुवा, निर्जंतुक गॉज ठेवून हलकी पट्टी बांधा. हळद, चुना, दुसरं काही भरू नका. तेल बंद. पायावर भार नको. लाली घोट्याकडे पसरत असेल किंवा ताप असेल तर आत्ताच निघा, नाहीतर सकाळी पहिल्या ओपीडीला. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते आठवून ठेवा.

दोनच दिवस झालेत हे लक्षात घ्या. मी बघितलेल्या बऱ्याच जखमा तीन आठवड्यांनी, वास यायला लागल्यावर कळलेल्या असतात.

---

कन्नाचौक | ६ जानेवारी, रात्री ९:१५

जखम भरली. आतली मेलेली कातडी डॉक्टरांनी काढली, दहा दिवस अँटिबायोटिक, एक दिवसाआड पट्टी. चप्पल बदलली, आता मऊ तळाची, मागून पट्टा असलेली. तेल परवापासून परत सुरू केलं, त्या जागेला सोडून.

आता नवा पेच. अण्णा चाळीस वर्षं गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांच्या उंच काठ्यांमागे अनवाणी चालतात. यण्णीमज्जनाला अडुसष्ट लिंगांच्या तैलाभिषेकाची सगळी वाट ते पायी करतात. या वर्षी पण जाणार म्हणतात. "सिद्धरामाच्या वाटेवर खिळा लागत नाही" म्हणतात. मला त्यांना नाही म्हणवत नाही.

---

हातमागवाला | ६ जानेवारी, रात्री ९:५०

पोरी, मी चार वर्षांपूर्वी थांबलो. डांबराच्या रस्त्यावर पायाला फोड आला होता, तो भरायला दोन महिने लागले. त्यानंतर नातवाला बाराबंदी, म्हणजे यात्रेचा पांढरा पोशाख, घालून पाठवतो, आणि मी बाळीवेसला खुर्ची टाकून बसतो. यात्रेच्या मानकऱ्यांच्या, हिरेहब्बूंच्या वाड्यातून नंदीध्वज निघतात ते तिथून दिसतात. अण्णांना माझ्याकडे घेऊन ये. एकटं थांबायला त्यांना जड जाईल.

---

फिजिओताई | ७ जानेवारी, सकाळी ८:२०

भरलेली कातडी महिनाभर तरी नाजूक असते, इतकं चालणं तिला झेपणार नाही. हातमागवाल्या काकांकडे न्याच. आणि नातवाच्या पायालाही घरी आल्यावर तेल लावा, तो दिवसभर चालून येईल.

---

कन्नाचौक | १३ जानेवारी, रात्री ११:१०

आज अण्णा काकांच्या शेजारी बसले, बूट-मोजे घालून. माझा मुलगा बाराबंदी घालून अनवाणी गेला. सातही नंदीध्वज समोरून गेले तेव्हा अण्णा उठून उभे राहिले आणि ते पार वळणापलीकडे जाईपर्यंत बसले नाहीत. काका आणि अण्णा दोघे एकाच गिरणीच्या चाळीत वाढलेले निघाले, मला आजच कळलं.

मुलगा रात्री आला, पाय सुजलेले. अण्णा म्हणाले, "आण इकडं," आणि पाटावर बसून त्याच्या पायाला स्वतः तेल लावलं. आधी दिव्याजवळ नेऊन तळवा बघितला, मग बेचक्या. मला विचारत होते, "असंच ना?" नातवाला कुठं काही टोचलेलं नाही.

अण्णांचे पाय मी त्यानंतर बघितले. ठीक आहेत. उद्या यात्रेतल्या अक्षता.